वेगळी काहील

"सरकारनं हद्द घालून दिलीय, आणि माझा गूळ त्या हद्दीत बसतो. मग दोष कुठं राहिला, माताजी?"

विचारणारा जिनगोंडा मगदूम. गावातलं सगळ्यांत मोठं गुऱ्हाळ त्याचं. त्याचा गूळ रंगीत खोक्यांतून लांबच्या शहरांपर्यंत जायचा.

जैन साध्वी आर्यिका सुव्रतमती माताजी पायी विहार करत आल्या होत्या आणि चार दिवस गावच्या बस्तीत, जैन मंदिरात, थांबल्या होत्या. वय पंचाहत्तरीचं. अंगावर पांढरी साडी, हाताशी मोरपिसांची पिंछी.

दोष आहे असं म्हणतं कोण, त्यांनी विचारलं.

तेव्हा जिनगोंडानं सांगितलं. शहरातल्या एका बाईचं पत्र आलं होतं. तिच्या लहान मुलीला दमा आहे. या खोक्यातला गूळ खाल्ला की पोरीला धाप लागते. खोक्यावर तर 'फक्त उसाचा रस' एवढंच छापलंय. रसाशिवाय आणखी काय घालता, असं बाईनं विचारलं होतं.

गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून जिनगोंडा काहिलीत, मोठ्या कढईत, उकळणाऱ्या रसात पांढरी पावडर टाकायचा. आसपासची बरीच गुऱ्हाळं टाकायची. त्यानं बाईला प्रयोगशाळेचा दाखला धाडून दिला. सगळं सरकारी प्रमाणात आहे, काळजी नसावी.

बाईनं पुन्हा लिहिलं. किती घालता ते मी विचारलं नव्हतं, काय घालता ते विचारलं होतं.

या पत्राला त्यानं उत्तर दिलं नाही. पण ते त्याच्या बायकोच्या, राजमतीच्या, हाती लागलं. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. माताजींनी एकदा 'दोष नाही' म्हटलं की घरी जाऊन तसं सांगता येईल, असा त्याचा हिशेब होता.

"खोक्यावर पावडरीचं नाव का नाही?" माताजींनी विचारलं.

"नाव छापलं तर घेईल कोण?"

बोलून गेला, आणि मग त्यानं नजर खाली घातली...

 पिंछीनं जागा हलकेच झाडून माताजी ध्यानाला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आहाराची वेळ झाली. आर्यिका दिवसातून एकदाच जेवतात, तेही मौनात, स्वतःच्या ओंजळीत. एकदा ओंजळ सुटली की जेवण संपलं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

कुणाच्या दारी थांबायचं ते त्या आधी सांगत नाहीत. गल्लीत पाच-सहा दारांत माणसं कलश घेऊन उभी होती. माताजी चालत आल्या आणि मगदुमांच्या दारासमोर थांबल्या.

जिनगोंडाची छाती फुगली. शेजारीपाजारी बघत होते.

राजमतीनं दोन दिवस खपून तयारी केली होती. विहिरीचं पाणी गाळून तापवलेलं, पीठ घरच्या जात्यावरचं, तूप घरच्या म्हशीचं. तिनं माताजींचे पाय धुतले, त्यांना पाटावर बसवलं. मग नवरा-बायकोनं हात जोडून रिवाजाप्रमाणे ग्वाही दिली.

"मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी. आहार-जल शुद्ध आहे."

माताजींनी ओंजळ पुढं केली. राजमतीनं आधी पाणी घातलं. त्या थोडं प्यायल्या. मग भाकरीचे दोन घास झाले, वर पुन्हा पाणी.

जिनगोंडा गुळाची वाटी घेऊन पुढं आला. गूळ काळपट होता. माताजींची नजर वाटीवर क्षणभर थांबली. रंगामुळं त्यांना शंका आली असेल, असं त्याला वाटलं.

"निःशंक घ्या, माताजी," तो म्हणाला. "आपण गावात येणार कळलं तेव्हाच वेगळी काहील लावली. रानभेंडीच्या पाण्यानं मळी काढलीय. यात पावडरीचा कणसुद्धा नाही. घरच्यासाठीसुद्धा आम्ही असाच करतो."

माताजींनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

नजरेत राग नव्हता. त्या नुसत्या बघत राहिल्या...

मग त्यांनी जुळलेले हात सावकाश वेगळे केले. ओंजळीत उरलेलं पाणी पाटावर सांडलं.

राजमतीनं तोंडाला पदर लावला. दोन घास, दोन घोट पाणी, एवढ्यावरच आहार मोडला होता. त्यांच्या दारात, त्यांच्या हातून.

दाराबाहेरची कुजबुज थांबली. कुणीतरी आत डोकावलं आणि लगेच मागं सरलं. माताजी उठल्या, कमंडलू घेतला आणि उन्हातून बस्तीकडं चालू लागल्या. पाठीमागं जायचं जिनगोंडाच्या ध्यानातच आलं नाही. हातात वाटी धरून तो तिथंच उभा होता. आपण काय बोललो त्यातला एकेक शब्द आता त्याला ऐकू येत होता.

 राजमतीनं वाटी त्याच्या हातातून काढून घेतली.

दुपारी तो गुऱ्हाळावर गेला. गाडीत भरलेली खोकी त्यानं उतरवून घेतली. गूळ रांधणाऱ्या गुळव्यानं कारण विचारलं, तर त्यानं फक्त कागद-पेन मागितलं. मग तिथंच बसून त्यानं बाईला पत्र लिहिलं. पावडरीचं नाव लिहिलं, कशासाठी टाकतो तेही लिहिलं. 'पोरीला हा गूळ देऊ नका' ही ओळ लिहिताना त्याचा हात दोनदा थांबला.

ते पत्र खिशात घालून तो बस्तीत आला. दाखवावं असं वाटलं होतं. माताजींचे सुकलेले ओठ पाहिले आणि पत्र बाहेर काढायची लाज वाटली.

तो उंबऱ्याशीच बसला.

"माझ्यापायी आपण उपाशी राहिलात."

"सवय आहे."

तो उंबऱ्यावर बोटानं रेघा ओढत राहिला...

आहार का मोडला ते जिनगोंडाला कळलं होतं: विकायचा गूळ एक, घरचा आणि माताजींचा दुसरा. तरी सकाळपासून एक गोष्ट त्याला धरून ठेवावीशी वाटत होती. तेवढी तरी खरी होती.

"त्या गुळात खोट नव्हती, माताजी," तो हळूच म्हणाला.

"नव्हती, जिनगोंडा... असती, तर घेतला असता."