विहिरीची अट

फार पूर्वी, वणव्यानं उजाड झालेल्या एका माळाच्या पायथ्याशी तुडुंब भरलेली विहीर होती. माळावर नुकती फुटलेली उंबराची रोपं तहानेनं माना टाकू लागली, तेव्हा काठावरचा पोहरा म्हणाला, "विहीरबाई, त्यांच्यासाठी थोडं पाणी द्या."

"देईन की! पण आधी त्यांची सावली दाखव."

"अहो, पाणी मिळाल्याशिवाय सावली कुठून पडणार?"

"मग पडली की ये."

रोपं वाळून गेली. विहीर म्हणाली, "बघ, दिलं असतं तर वायाच गेलं असतं."

पुढे उघड्या माळावर पाऊस मुरेना, नुसता वाहून जाई. झरे आटले. एका उन्हाळ्यात पोहरा खाली गेला तो थेट खडकावर आदळला.

अंधारातून विहिरीनं विचारलं, "काय रे, पडली का सावली?"