लाल फडक्यातली पदं

"पण अप्पा, जपूनच ठेवली होती. जपण्यात चूक कसली?"

महारुद्र कोरेनं काळी डबी मठाच्या ओट्यावर ठेवली. बिनवायरची हार्ड डिस्क. अप्पांची सगळी पदं तिच्यात होती, अप्पांच्याच आवाजात. आता तिचा दिवाही लागत नव्हता. पुण्याच्या डेटा काढून देणाऱ्यानंही हात टेकले होते.

अप्पा मठाचे गुरू, पण गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्याकडं नुसती कुजबुज उरली होती. पदांचे शब्द छापलेले होते. चाली मात्र गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरायच्या, तीच मठाची रीत.

"कशी जपलीस?"

"पोथ्या जपतो तशी. मांजरपाटाच्या लाल फडक्यात घट्ट बांधली. कोनाड्यात ठेवली."

"बंद करून?"

महारुद्रनं डबीवरचं बटण उगाच दाबून पाहिलं.

त्या दिवशी शेवटचं पद फोनमधून डिस्कमध्ये जात होतं. वायर असती तर उपटताना तरी ध्यानात आलं असतं. वायरच नाही, म्हणून काम उरकलं असं धरून त्यानं गाठ मारली. आत डिस्क बॅटरीवर चालूच. वाऱ्याला वाट नाही. तापत राहिली बिचारी, आणि मध्येच बसली.

"दुसरी प्रत असेल."

"नाही अप्पा. फोनमधलंही पुसत गेलो, शेवटचं पदसुद्धा. जागा पुरत नव्हती."

कॉम्प्युटरचं दुकान त्याचं. काउंटरवर येईल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजून सांगायचा, लग्नाचे फोटो दोन ठिकाणी ठेवा हो, यंत्राचा काय भरवसा. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याला वाटलं होतं, आपल्याला कळतं.

"भजनी मंडळाची गौराक्का मागत होती ना रे?"

"मागत होती. मी पासवर्ड लावून ठेवलेला. उघडं ठेवलं तर शेजारचाही कुणी फोन जोडून आत शिरतो."

"ते बरं केलंस. गौराक्काला सांगितलास?"

"...नाही."

"का?"

"चार तोंडी गेली की चाली बिघडतात, असं वाटलं."

अप्पा हसले. हसण्याला आवाज नव्हता.

"मी गायचो तेव्हा तू समोरच बसायचास."

"रोज, अप्पा."

"काय करायचास?"

"आवाजाचा काटा बघायचो. रेकॉर्डिंग फाटू नये म्हणून."

हे बोलला आणि त्यानं मान खाली घातली. आपण काय बोललो, ते त्याला बोलल्यावर ऐकू आलं.

अप्पा म्हणाले, "एक ओळ म्हण. येईल ती."

महारुद्रनं डोळे मिटले. पहिल्या पदाची पहिली ओळ धरली. आवाज घोगरा, मध्येच तुटणारा. अप्पांचा हात वर गेला... अजून वर... महारुद्रनं सूर चढवला. हात हलला, नाही म्हणाला. त्यानं पुन्हा चढवला. अप्पांचे ओठ उघडले, गळ्याची शीर ताणली गेली, पण बाहेर नुसती हवा आली.

हात हळूहळू मांडीवर उतरला.

महारुद्रनं ओळ कशीबशी पुरी केली. मठाच्या देवळात दिवा लावायला आलेली गौराक्का उंबऱ्याशी थांबून ऐकत होती.

"चुकलं ना, अप्पा?"

"चुकलं," अप्पा कुजबुजले. "तिला शिकव. आता हीच चाल."