एका नजरेत मावणारा परगणा
क्लॅकमॅननशायर हा स्कॉटलंडमधला सगळ्यांत लहान परगणा. उत्तरेला ओखिलचे डोंगर, दक्षिणेला फोर्थ नदी आणि मध्ये मोजकी गावं. तो शेजारच्या परगण्याला जोडून टाकायचा, असं ठरवूनच ड्रमंड नावाचे बडे अधिकारी राजधानीतून आले. आधी डोंगरावर चढले, मग गावसभेत म्हणाले, "वरून सगळा परगणा एका नजरेत मावला. एवढ्याशा जागेला वेगळा कारभार कशाला?"

लोकांचे चेहरे पडले. गिरणीत लोकर विणणारी इसोबेल मात्र शांतपणे उठली.

"साहेब, म्हणूनच तर हवा. इथे कुणाचं छप्पर उडालं, तर कारभाऱ्यांना खिडकीतून दिसतं. मोठ्या परगण्यात ते कळवायला अर्ज करावा लागतो."

सभा हसली. ड्रमंडसाहेबही हसले आणि जोडणीचा कागद न वाचताच परत घेऊन गेले.