पाहुण्याला केलेली जागा

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. एका शहरात एक रावसाहेब राहत होते. मोरोबा त्यांचं नाव. माणूस सरळ. शहराच्या सभेत बसायचे, पण ऐकीव गोष्टीवर कधी मत द्यायचे नाहीत. डोळ्यांनी पाहीन तेव्हाच बोलेन, हा त्यांचा बाणा. म्हणून त्यांच्या शब्दाला साहेबाजवळही वजन होतं.

एकदा सभेत मोठा वाद पेटला. तिजोरीत पैसा होता, पण एकाच कामापुरता. काहीजण म्हणाले, गिरणगावात माणसं कोंबून राहताहेत, रोगानं मरताहेत, त्यांना हवेशीर चाळी बांधून द्या. बाकीचे म्हणाले, लाटसाहेब येणार आहेत, चौकात संगमरवरी कारंजं हवं; दाटीचं काय, लोक तिखटमीठ लावून सांगतात. शेवटी ठरलं की मोरोबांनी एक खोली पाहून यावी, ते म्हणतील तसं करावं. रावसाहेबांनी शिरस्त्याप्रमाणे आधी निरोप धाडला की उद्या दुपारी येतो.

निरोप गेला गिरणगावातल्या एका चाळीत, येसूबाईच्या खोलीवर. चाळभर आनंद झाला. आता आपल्याला घरं मिळणार! पण काय म्हणावं या माणसांना? पाहुणा येणार म्हटल्यावर त्याला ऐसपैस बसता यावं म्हणून त्यांनी सगळी खोलीच रिकामी केली. रात्रपाळी करून आलेले गडी तसेच पेंगत अंगणात जाऊन बसले. बाळंतीण तान्ह्याला घेऊन जिन्याखाली गेली. येसूबाईचा सासरा धाकोजी तापानं फणफणला होता. तोच म्हणाला, "मला आधी हलवा. पाहुण्यापुढं आडवं पडून राहू नये." मग त्यालाही उचलून नळाजवळ गोणपाटावर निजवलं, भर उन्हात. अहो, जी अडचण दाखवायची तीच झाकून ठेवली!

रावसाहेब आले. जमीन सारवलेली, चटई अंथरलेली, दारात रांगोळी. येसूबाईनं गूळपाणी पुढं केलं. काही त्रास आहे का, असं त्यांनी विचारलं. पाहुण्यापुढं रडगाणं कसं गायचं? "तुमच्या कृपेनं बरं चाललंय," ती म्हणाली. रावसाहेब निघाले. अंगणात बसलेली माणसं त्यांनी पाहिली आणि त्यांना वाटलं, मंडळी वारा खात बसलीत. म्हाताऱ्याला तर ते वळसा घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी सांगितलं, "मी डोळ्यांनी पाहिलं. खोलीत भरपूर जागा आहे." झालं! कारंजं मंजूर झालं.

पुढं चार-आठ दिवसांनी त्यांना आठवलं की आपली काठी येसूबाईच्या खोलीतच राहिली. या खेपेला निरोप धाडला नाही, बाजारातून परतताना सहज चाळीत शिरले. दार ढकललं, तर ते अर्धंच उघडलं. आत कुणाचे तरी पाय आड येत होते. रावसाहेब उंबऱ्यावरच थिजले. एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं, अशी माणसं निजलेली. लुगड्याच्या आडोशाला बाळंतीण. चुलीचा धूर तान्ह्याच्या नाकातोंडात जात होता. पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि भिंतीवरची एकुलती एक खुंटी मोकळी करून तिच्यावर त्यांची काठी मात्र जपून टांगलेली.

"ही एवढी माणसं आली कुठून?" त्यांनी विचारलं.

येसूबाई उठून उभी राहिली. म्हणाली, "इथलीच की. तुम्ही आलात तेव्हा बाहेर बसली होती."

रावसाहेबांनी घाईनं विचारलं, "आणि नळाजवळ एक म्हातारबा होते, ते?"

"त्या दिवशी ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी गेले. पण समाधानानं गेले हो. म्हणाले, रावसाहेब स्वतः बघून गेलेत, आता पोरांना घरं होतील."

काठी तिथंच टाकून रावसाहेब तडक साहेबाच्या बंगल्यावर गेले आणि हात जोडून म्हणाले, "माझं चुकलं, ठराव फिरवा." साहेब हसला. "रावसाहेब, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आम्ही कधी खोटं मानलं नाही. आता तरी कसं मानावं?"

कारंजं झालं. पाणी उडालं त्या दिवशी लाटसाहेबांशेजारी मोरोबांची खुर्ची मांडली होती. तिच्यावर बसवेना, म्हणून ते मागं गर्दीत जाऊन उभे राहिले. तिथं येसूबाई होती. ठराव कुणाच्या शब्दानं झाला, हे तिला कुठं ठाऊक? तिनं त्यांना ओळखलं, पदर सावरला आणि आपल्या माणसांना म्हणाली, "सरका रे जरा, पाहुण्यांना जागा द्या."

तात्पर्य: गरीब माणूस पाहुण्यापुढं आपलं दुःख झाकतो. म्हणून ज्याला दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करायचा आहे, त्यानं पाहुणा होऊन जाऊ नये.