मानाचा नारळ

फार पूर्वी नाही आणि अगदी कालही नाही, अशा एका काळी एक राज्य होतं. तिथे राजा होता, दरबार होता आणि विजेच्या ताराही होत्या. हे सगळं एकाच गोष्टीत कसं, असं विचारू नये, गोष्टीत चालतं.

राजधानीत दिवे मिणमिणत होते, म्हणून राजाने डोंगरापलीकडच्या धरणावरून वीज आणायचं ठरवलं. वाटेत एक गाव लागत होतं. तिथल्या शेतांत उंच लोखंडी मनोरे उभारायचे आणि त्यांवरून तारा न्यायच्या, असं काम होतं. राजाने ते आपल्या कारभाऱ्यावर सोपवलं.

कारभारी हुशार होता. त्याला या गावाची रीत ठाऊक होती. विहीर खणायची असो की घराचा पाया, नारळ फोडल्याशिवाय इथे कुदळ पडत नसे. आणि ज्याच्या हातून नारळ फुटला, त्याने त्या कामात पुन्हा खोडा घालायचा नाही, असा गावाचा शिरस्ता होता. म्हणून कारभाऱ्याने नारळांचं पोतं बरोबर घेतलं आणि एक ताशेवालाही.

पहिलं शेत कांदेवाल्याचं. "अण्णा, राजाचं काम तुमच्या शेतापासून सुरू होतंय," कारभारी म्हणाला. "नारळाचा मान तुमचाच."

ताशा वाजू लागला. कांदेवाल्याची छाती फुगली. त्याने नवा फेटा बांधला, नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं, स्वतःही खाल्लं. दुसऱ्या दिवशी शेताच्या ऐन मध्यात खड्डे पडले आणि पाण्याचा पाट बुजला. तो तावातावाने कारभाऱ्याकडे गेला.

"अण्णा, नारळ कोणी फोडला?" कारभाऱ्याने शांतपणे विचारलं. कांदेवाला आल्या पावली परत फिरला.

शेजारच्या ऊसवाल्याने हे सगळं बांधावरून पाहिलं होतं. तरी त्याच्यापुढे नारळ आला तेव्हा त्यानेही फोडला. "शुभकार्याला नाही कसं म्हणायचं? चार लोक काय म्हणतील?" असं त्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं. बायको काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरी जमीन एका म्हातारीची. तिथे तिचा पानमळा होता. नागवेली पांगाऱ्याच्या उंच झाडांवर चढवलेल्या, आणि त्या पानांवरच तिचं पोट चाले. बाई स्वभावाने खट. पान मागणाऱ्या पाहुण्यालाही "कुणासाठी?" असं विचारल्याशिवाय द्यायची नाही. गावात तिला कोणी हौसेने लग्नाला बोलवत नसे.

"मावशी, मान तुमचा," कारभाऱ्याने नारळ पुढे केला.

"ठेव तिथं. मनोरा कुठं येनार?"

"इथेच, मळ्याच्या मधोमध."

"आन् तारंखाली झाडं ऱ्हातील?"

कारभारी घुटमळला. "उंच झाडं तोडावी लागतील. पण जमीन तुमचीच राहील की!"

"झाडं गेल्यावर येली काय हवेत चढवू? न्हाई फोडत मी."

कारभाऱ्याचा आवाज चढला. "राजाचा हुकूम आहे! लोकांच्या कामासाठी कोणाचीही जमीन घ्यायचा राजाला अधिकार आहे."

"आसंल की," म्हातारी म्हणाली. "हुकूम हाय, अधिकार हाय, मंग माझ्याच हातनं नारळ फोडून घ्यायची येवढी घाई का रं बाबा?"

ताशा थांबला. "म्हणजे... ते... रीत असते," कारभारी पुटपुटला. म्हातारीला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समोरचा चाचरतोय एवढं कळलं. तिने तडक राजधानी गाठली आणि ती न्यायाधीशांपुढे उभी राहिली.

"राजाला जमीन घेता येते, हे खरं," न्यायाधीश म्हणाले. "पण त्याआधी मालकाला कळवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि नुकसान भरून द्यायचं, असंही कायदा सांगतो. मालकाने नारळ फोडून राजीखुशीने दिली, तर यातलं काहीच करावं लागत नाही. कारभाऱ्याला तेवढंच हवं होतं. बोला आजी, तुमचं म्हणणं काय?"

"तार नगं आसं न्हाई म्हनत मी. राजधानीत बी मान्संच ऱ्हात्यात. पर मळ्याच्या खालती वढ्याकाठी माझी पड जमीन हाय. तिथनं न्या."

न्यायाधीशांनी मोजणीदार पाठवले. ओढ्याकाठून तार नेता येत होती. थोडा वळसा पडत होता, इतकंच. तसा निकाल झाला, आणि पड जमिनीचीही भरपाई म्हातारीला मिळाली.

हे कळताच कांदेवाला आणि ऊसवाला धावत न्यायाधीशांकडे गेले.

"नारळ फोडायला कोणी जबरदस्ती केली होती?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही."

"मग मनोरा कुठे येणार, एवढं तरी विचारायचं!"

"ताशा वाजत होता, साहेब," कांदेवाला खाली मान घालून म्हणाला.

न्यायाधीशांना वाईट वाटलं. "हिसकावून घेतलं असतं, तर मी परत देववलं असतं. तुम्ही आपणहून दिलंत. आता माझा इलाज नाही."

राजधानीत दिवे लागले. म्हातारीच्या वेली पांगाऱ्यावर वाढत राहिल्या. कांदेवाला अजून मनोऱ्याला वळसा घालून औत हाकतो. राजाने माझी जमीन घेतली, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. ते खरं नाही. ती त्याने दिली होती.

तात्पर्य: घेण्याचा अधिकार राजाचा असला, तरी आधी विचारलं जाण्याचा हक्क आपला असतो, मानापानाच्या भरात तो सोडला, तर न्यायाधीशालाही परत मिळवून देता येत नाही.