पाहिलं आणि ऐकलं

नदीकाठच्या एका गावात केशरबाई नावाची एक बाई पिठाची गिरणी चालवायची. गिरणीत दळणाबरोबर बातम्याही यायच्या, आणि खडे दोन्हींत असायचे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी राज्यातलं सरकार पडलं. दोन्ही पक्षांची माणसं रस्त्यावर उतरली. वर्तमानपत्रं येईनाशी झाली, एसटी बंद पडली. गावाला आधार उरला तो मोबाइलवरच्या ग्रुपचा. औषधाचं कुठलं दुकान उघडं, दगडफेक कुठे चालू, सगळं तिथेच कळायचं. पण खऱ्याबरोबर थापाही सुसाट सुटायच्या. म्हणून केशरबाईनेच एक नियम घालून दिला. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असेल तर आधी 'पाहिलं' लिहायचं, नुसतं कानावर आलं असेल तर 'ऐकलं'. गावाने तो मनापासून पाळला.

एके सकाळी दळण घेऊन आलेल्या एका माणसाने सांगितलं, "पुलावर टायर पेटवलेत. गाड्या फोडतायत."

केशरबाईने लगेच ग्रुपवर टाकलं, 'ऐकलं. पूल बंद आहे.'

कोणी ढिम्म हललं नाही. वर एकाने चेष्टा केली, 'काकू, गिरणीतल्या गप्पा गिरणीतच ठेवा.'

तिला ते झोंबलं. काळजीही वाटली. कोणी पुलावर गेलं आणि डोकं फुटलं तर? एका शब्दाने असं काय बिघडणार आहे, असं म्हणून तिने पुन्हा लिहिलं, 'पाहिलं. पूल बंद आहे. कोणी जाऊ नका.' आता मात्र खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली.

दुपारी गोदाक्काच्या छातीत कळ आली. गोदाक्का म्हणजे केशरबाईची जिवाभावाची मैत्रीण, दळण नसलं तरी रोज गिरणीच्या पायरीवर येऊन बसणारी. तिच्या मुलाने, उत्तमने, तिला टेम्पोत घातलं. दवाखाना पुलाच्या पलीकडेच होता. पण ग्रुपवर केशरमावशीचं 'पाहिलं' होतं. त्याने टेम्पो डोंगराच्या लांबच्या वाटेला वळवला. गोदाक्का वाटेतच गेली.

सगळं उरकल्यावर उत्तम गिरणीत आला आणि पायरीवर आईच्या जागी बसला.

"मावशी, दूधवाला म्हणतो, पूल दिवसभर उघडा होता. टायर आदल्या दिवशीचे, विझलेले. तो खोटं बोलतोय ना? तू तर पाहिलं होतंस."

केशरबाईला 'हो' म्हणता आलं असतं. पोराच्या काळजावरचं ओझं तेवढ्याने उतरलं असतं. पण आणखी एक खोटं तिच्या तोंडून निघेना.

"नाही रे लेकरा," ती रडत म्हणाली. "मी ऐकलं होतं."

उत्तम उठून निघून गेला. त्यानंतर गिरणीच्या त्या पायरीवर कोणी बसलं नाही.

तात्पर्य: संकटात माणसं आपल्या शब्दावर भरवसा ठेवून चालतात, म्हणून हेतू कितीही चांगला असला, तरी ऐकलेलं कधी पाहिलं म्हणून सांगू नये.