पाठमोरं नाणं

एका राज्यात टांकसाळीचं दार कधी लागत नसे. चालच होती तशी. कुणीही यावं, भट्टीत चांदी वितळताना पाहावी, घणाखाली नाणं पडताना पाहावं आणि खात्रीनं घरी जावं.

तिथल्या हेमांगद राजाला रत्नमहालाची हौस आली. चांदी पुरेना. मग त्यानं टांकसाळीचं दार लावलं आणि नाण्यांच्या चांदीत कथील मिसळलं. लोक कुरकुरले, तेव्हा राजानं बोट दाखवलं ते टांकसाळीच्या कारभाऱ्याकडे, यशोधराकडे. अहो, चोराच्या उलट्या बोंबा! राजाज्ञेवरून मांत्रिकानं यशोधराचा पारवा केला. त्याच क्षणी राज्यातल्या प्रत्येक नाण्यावरच्या राजमुखानं पाठ फिरवली. नुसती मान दिसे. बाजारात ते नाणं कुणी हाती धरीना.

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो एकटाच टांकसाळीत गेला. आढ्यावर पारवा बसला होता. राजानं त्याला उःशाप विचारला.

पारवा म्हणाला, "दार उघडा. महालाची चांदी भट्टीत घाला. तिसरं काम आपणांस ठाऊक आहे."

राजानं दार उघडलं. महालाची चांदी ओतली. तिसरं काम त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी लबाडी सुटते थोडीच! त्यानं लोकांना बोलावलं आणि मुकाट्यानं घण उचलून नाणं पाडलं. नाणं पाठमोरंच निघालं. पारवा काही बोलला नाही. लोकही बोलले नाहीत, आणि तेच राजाला सोसवेना.

मान खाली घालून तो म्हणाला, "चोरी माझी. यशोधर उलटून बोलणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी त्याचं नाव घेतलं."

नाण्यावरचं मुख वळलं. पारवा खाली उतरला आणि यशोधर होऊन उभा राहिला. एक मात्र झालं, नाण्यावरच्या राजाचे डोळे खालीच राहिले. नवा ठसा कोरू का, असं यशोधरानं विचारलं. राजा नको म्हणाला.

पुढे टांकसाळ पाहायला देशोदेशीचे लोक येत. राजा स्वतः त्यांना आत नेई, भट्टी दाखवी, घण दाखवी. त्या नाण्यापाशी आला, की दर खेपेस त्याचा आवाज बारीक होई.

तेव्हा यशोधर मागून म्हणे, "जरा मोठ्यानं, महाराज. दाराशी उभे आहेत त्यांना ऐकू येत नाही."

आणि राजा पहिल्यापासून सांगू लागे.